गाळलेलं घर

“आमचं घर का नाही काढलं?”

पाठीमागून प्रश्न आला तेव्हा तिचा ब्रश लांबच्या डोंगररांगेवर होता. लांबच्या डोंगरांचं असं असतं, ऊन चढायला लागलं की सगळ्यात आधी तेच हातचे जातात, निळे होते म्हणता म्हणता पांढरट होऊन आकाशात विरतात, त्यामुळे मागे वळून बघायलाही तिला सवड नव्हती. रस्त्याकडेला तिकाटणं मांडून चित्र काढायचं म्हणजे मागे माणसं थांबणारच. थांबतात, जरा वेळ त्यांच्या श्वासांचा आवाज येतो, कुणी “छान” म्हणतं, कुणी आपल्या पुतण्याचाही हात बरा आहे असं सांगतं, आणि मान न वळवता नुसतं “हं” केलं की निघून जातात. हे “हं” तिने इतक्या वर्षांत चांगलं घोटून तयार केलं होतं. पण या प्रश्नाला ते पुरणारं नव्हतं. ती वळली. स्कूटर स्टँडला लावून एक माणूस उभा होता, हेल्मेट काखेत, हँडलला भाजीची पिशवी. तो चित्राकडे बघत होता, मग समोरच्या उताराकडे, मग पुन्हा चित्राकडे, शिंप्याकडून आणलेला सदरा अंगाला लावून बघावा तसा.

“कुठलं घर?” ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःचा राग आला. उतारावर घर एकच होतं.

“ते काय. पांढरी भिंत, पुढे पत्रा. शेजारची टाकीपण नाहीये तुमच्या चित्रात. झाड मात्र आहे.” तो जरा हसला. “झाडही आमचंच आहे म्हणा.”

“चित्रात सगळंच घेता येत नाही.”

“नाही नाही, मला त्यातलं काही कळत नाही. तक्रार म्हणून नाही विचारलं.” त्याने हेल्मेट या काखेतून त्या काखेत घेतलं. “आई दर सुटीला बघते ना तुम्हाला. खुब्याचं हाड मोडलंय तिचं, पलंग खिडकीशी ओढून दिलाय. तुम्ही आलात की आम्हाला हाक मारते. म्हणते, आली गं बाई, आपलं घर काढायला आली. आज दारापर्यंत पोचली असेल का, पत्र्याला कुठला रंग देईल, असं दिवसभर चालू असतं. मध्ये एकदा म्हणाली, अंगणातले कपडे काढा, चित्रात येतील. तेव्हापासून आम्ही कपडे मागच्या बाजूला वाळत घालतोय.”

कपडे गेलेत हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या दोरीवर एक लाल चादर असायची, आणि ती डोळ्यात सारखी टोचायची. एके दिवशी ती नव्हती तेव्हा तिला इतकं हायसं वाटलं होतं, की मनातल्या मनात तिने कुणाचे तरी आभारही मानले होते.

“पूर्ण झालं की एकदा दाखवाल का तिला?” त्याने स्कूटर स्टँडवरून काढली. “घाई नाही. आणि घर नाहीये हे मी काही तिला सांगत नाही. तुम्हीच बघा काय ते.”

तो उतारावरून गेला. कच्च्या वाटेवर धूळ उडाली, आणि धूळ खाली बसेपर्यंत डोंगर गेले होते.

खरं तर तिथेच सामान आवरायला हवं होतं. उन्हाच्या मागे धावू नका, ते तुमच्यापेक्षा तरुण आहे, असं टोपीवाले सर सांगायचे. गवती टोपी घातलेले, जवळच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे शिक्षक. सुटीच्या दिवशी सकाळी जमेल त्या माणसांना घेऊन गावाबाहेर पडायचे आणि शिकवणीबद्दल काही घ्यायचे नाहीत, फक्त आपलं स्टूल दुसऱ्याने उचलावं एवढी त्यांची अट. त्यांची वाक्यं तिच्या हातात अशी भिनली होती की ब्रश धरला की ती आपोआप चालू व्हायची. पोचल्या पोचल्या आधी सावल्या बांधून घ्या, कारण सावल्या सरकतात आणि तुम्ही त्यांच्या मागून सरकलात की एकाच चित्रात दोन सूर्य उगवतात. उन्हात उभं राहून रंग मिसळू नका. उन्हात झकास दिसलेला रंग घरी गेल्यावर मातीमोल दिसतो. कॅनव्हास सावलीत, पॅलेटही सावलीत, आणि तुमचं डोकं शक्य झालं तर तेही. हिरवा ट्यूबमधून सरळ लावलात की झाडं प्लॅस्टिकची होतात, त्यात चिमूटभर तांबडा घाला. डोळे बारीक करा, पानं दिसेनाशी झाली पाहिजेत, झाड उरलं पाहिजे. आणि सगळ्यात शेवटी, टोपी मागे सारून: जे खटकतं ते गाळा. बिनधास्त गाळा. निसर्ग काही तक्रार करायला येत नाही.

घर खटकत होतं, यात दुमत नव्हतं. पहिल्याच सकाळी तिने डोळे बारीक केले होते, आणि उताराची ती लांब, मऊ, एका दमात खाली येणारी रेषा बरोबर मध्यावर त्या पांढऱ्या चौकोनावर आपटून थांबली होती. सकाळचं ऊन भिंतीवर थेट पडायचं. चित्रातला सगळ्यात उजळ तुकडा तिथे गेला असता, आणि मग डोंगर कुणी बघायचे, आकाश कुणी बघायचं? तिने क्षणभरही विचार केला नव्हता. घराच्या जागी तिने गडद हिरव्या झुडपांचा एक पट्टा ओढला, झाडाच्या बुंध्याशी तो विरघळवून टाकला, आणि उतार सुटला, वाहायला लागला. त्या पट्ट्यावर ती खूश होती. बघणाऱ्याला तिथे काही होतं असा संशयही आला नसता. दातांच्या लॅबमध्येही तिचं काम तेच होतं. तोंडातल्या बाकीच्या दातांत मिसळून जाईल अशी कॅप करायची. कॅप ओळखू आली की काम फसलं. डॉक्टर शेडची पट्टी लावून नंबर कळवायचे, पण नंबर म्हणजे निम्मी गोष्ट. दाताच्या कडेला निळसर झाक असते, हिरडीपाशी पिवळट ऊब असते, ती पोर्सेलीनच्या थरांत कुठे द्यायची ते हाताला कळावं लागतं. तिच्या कॅप लावून माणसं हसायची, जेवायची, भांडायची, आणि कुणालाही कळायचं नाही. आजवर तिला या गोष्टीचा अभिमानच वाटत आला होता.

घरी आल्यावर तिने चित्र भिंतीशी टेकवलं आणि नवऱ्याला हाक मारली. तो हातातली कात्री तशीच घेऊन आला, बाल्कनीतल्या कुंड्यांचं काहीतरी चाललं होतं.

“कसं वाटतं?”

“मस्त. गार वाटतं.”

“काही कमी वाटतं का?”

त्याने मान तिरकी केली. लग्न झाल्यापासून त्याला ठाऊक होतं की या प्रश्नाचं कुठलंही उत्तर धोक्याचं आहे. “तुझ्या चित्रांत माणसं नसतात, तेवढं सोडलं तर नाही.”

“माणसं नसतात म्हणजे?”

“म्हणजे नसतात. मला आवडतं गं ते. शांत वाटतं. सगळे कुठेतरी बाहेर गेल्यासारखे.” आणि तो कात्री घेऊन सटकला.

सगळे बाहेर गेल्यासारखे. ती खोलीतल्या एकुलत्या खुर्चीत बसली. ही खोली लेकीची. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, आणि तिने काही दिवस कळ काढून मग पलंग हलवला, कारण पलंग नेमका खिडकीसमोर होता आणि घरात दिवसभर न बदलणारा उजेड फक्त त्या खिडकीतून यायचा. पलंगामागून टेबल गेलं. भिंतीवरची चित्रंबित्रं उतरवून गुंडाळून माळ्यावर ठेवली, कारण रंगीत भिंतीचा रंग कॅनव्हासवर चढतो. प्रत्येक वेळी कारण होतं, आणि प्रत्येक कारण बरोबर होतं. मग एकदा व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ती फोन घेऊन या खोलीत आली, तर पलीकडून लेक बोलायचीच थांबली. “आई, माझी खोली कुठे गेली?” रागावून नाही, रडूनही नाही, चष्मा कुठे ठेवला म्हणून विचारावं तसं. “अगं आहे की, तू आलीस की पलंग आणू ना आत,” ती घाईघाईने म्हणाली होती, आणि लेक म्हणाली होती, “हो हो, चालेल, उजेड छान येतोय.” त्यानंतर लेक दोनदा येऊन गेली, दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपली. पलंग आत आणायचं कुणीच काढलं नाही.

हे आत्ता कशाला आठवायचं? त्या माणसाच्या आईचा आणि याचा काही संबंध नव्हता. एका खाटेवरच्या बाईचा गैरसमज झाला होता, बस्स. गैरसमज दूर करावा, नाहीतर तिकडे फिरकू नये. जगात उतार काय कमी आहेत? पण दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कॅपला चकाकी देताना तिच्या डोक्यात पत्र्याचा रंग घोळत होता. पत्रा राखाडी असतो असं आपण म्हणतो, पण सकाळी त्यात आकाश पडलेलं असतं. भट्टीतून ट्रे बाहेर काढला, त्यात पांढऱ्या दातांची रांग, आणि तिला ती एकदम भिंत वाटली, दार नसलेली. दार कुठल्या बाजूला होतं? इतके दिवस त्या घरासमोर उभी राहून तिला दार कुठे आहे ते सांगता येईना. टाकी काळी होती की निळी? खिडकी, जिच्याआड ती बाई होती, ती तर तिने पाहिलीच नव्हती. न बघण्याचं काम तिने इतकं चोख केलं होतं.

त्या संध्याकाळी तिने घरीच घर काढायचं ठरवलं. बाहेरचं बाहेरच, घरी आणून चित्राला बोट लावायचं नाही, हा सरांचा दंडक मोडून. झुडपांचा पट्टा सुरीने खरवडला, भिंत घातली, पत्रा घातला, अंदाजाने एका बाजूला दार घातलं. घर वाईट झालं नाही. फक्त ते कुठून तरी आणलेलं दिसत होतं. त्याच्यावर पडलेलं ऊन बाकीच्या चित्रातलं नव्हतं. ते कुठल्याच सकाळचं नव्हतं. चुकीच्या शेडचा दात हसताना पहिला दिसतो, तसं ते घर चित्राच्या तोंडातून बाहेर बघत होतं. नवरा दारात येऊन म्हणाला, “अरे वा, बंगला बांधलास की,” आणि तिने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून सगळं पुसून काढलं. वास घरभर पसरला. जेवताना तो दोनदा शिंकला.

मग सुटीच्या सकाळी ती पुन्हा रस्त्याच्या त्याच वळणावर जाऊन उभी राहिली. तिकाटण्याचा एक पाय सैल होता, तो दगडाने पक्का केला, दगड नीट बसेना म्हणून दुसरा शोधला. हात कधी नव्हे ते घाईत होते. आज ती घराकडे बघायलाच आली होती, आणि बघायला लागल्यावर ते दिसतच राहिलं. दार रस्त्याकडे तोंड करून, एका कडेला. टाकी काळी, तिच्या सावलीत एक बादली. पांढरी म्हणून जिला इतके दिवस हाकलून दिलं, ती भिंत मुळात पांढरी नव्हतीच. खालच्या अंगाला मातीची तांबूस झाक चढलेली, वर छताच्या सावलीत ती चक्क जांभळी. आणि खिडकी, एक लहान काळोखा चौकोन. त्यात काही हलल्यासारखं वाटलं. ती झपाट्याने रंगवत सुटली. ऊन धरलं, सावली धरली, भिंतीवरून ब्रश एकदाच फिरवला आणि पुन्हा तिथे हात लावला नाही. घर जमलं. आजवर केलेल्या कुठल्याही झाडापेक्षा, कुठल्याही आकाशापेक्षा ते जमलं. ती चार पावलं मागे गेली आणि डोळे बारीक केले. उतार मेला होता. डोंगर नुसते मागे टांगलेले पडदे झाले होते. घर होतं आणि चित्र नव्हतं.

काय करावं मग? घर राहू द्यावं, खाली जावं, म्हाताऱ्या बाईला खूश करावं, सोपं होतं. बाईने हात फिरवून बघितलं असतं, मुलाने फोटो काढला असता, चहा झाला असता. आणि घरी नेऊन ते चित्र तिने पाठमोरं ठेवलं असतं, कायमचं. की खालीच देऊन टाकावं? देऊन टाकलं म्हणजे बघावं लागत नाही. या विचारापाशी ती थबकली. तो विचार तिच्या ओळखीचा होता, त्याची ती सफाई, ते बरोबर असलेलं कारण. एका माणसाला त्याचं घर द्यायचं, ते आपल्या नजरेसमोरून जावं म्हणून? तिने सुरी घेतली, भिंत खरवडली, दार खरवडलं, फडक्याने पुसलं, आणि गडद हिरवा कालवून तो झुडपांचा पट्टा पुन्हा ओढला, जाड, रागारागाने. उतार वाहायला लागला. मग सामान आवरलं, आणि ओलं चित्र अंगापासून लांब धरून कच्च्या वाटेने ती खाली निघाली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. चढाच्या वाटेवर दम लागतो, उतारावर गुडघे बोलतात. तिची गुडघ्यांकडे लक्ष द्यायचीही तयारी नव्हती.

दार त्या माणसानेच उघडलं. चित्राकडे त्याची नजर गेली, झुडपांवर क्षणभर थांबली, आणि त्याने बाजूला होऊन तिला आत घेतलं.

खिडकीशी पलंग, पलंगावर उशांना टेकून बसलेली लहानखुरी म्हातारी, केस बारीक कापलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. “ये गं बाई, ये,” ती म्हणाली. “आज भारी हात चालत होता तुझा. मी याला म्हटलं, चिडली वाटतं कुणावर.”

“पुसत होते, आजी.”

“काय पुसत होतीस?”

“तुमचं घर.” तिचा आवाज हवा त्याहून मोठा निघाला. “काढलं होतं आज, बरं काढलं होतं. पण ते घातलं की चित्र राहत नव्हतं. म्हणून पुसलं. आधीपासूनच ते नव्हतं चित्रात. तुम्हाला वाटलं तसं नाहीये ते. मी तुमचं घर काढायला येत नव्हते.”

मुलगा खाकरला आणि पाणी आणतो म्हणून आत गेला. म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. “आण तर खरं. बघू दे.”

तिने म्हातारीच्या मांडीवर टॉवेल पसरला आणि चित्र त्यावर उभं धरलं. म्हातारी बघायला लागली. चित्र बघणाऱ्या माणसांचे चेहरे तिने पुष्कळ पाहिले होते. नजर आधी उजेडावर जाते, मग रेषेवरून खाली येते, मग कंटाळते. ही नजर कुठेच गेली नाही. ती झुडपांच्या पट्ट्यावर बसली आणि तिथेच राहिली. खिडकीतून उताराची चढण दिसत होती, वर रस्त्याचं वळण, आणि वळणावर दगडाशी कुणीच उभं नसलेली जागा. आत भांड्याचा आवाज झाला. माफी मागायला हवी होती, पण माफी नेमकी कशाची तेच तिला धरता येईना. चित्र धरलेले हात भरून आले. आता ही बाई रडणार, किंवा छान म्हणणार, आणि दोन्हींपैकी जास्त वाईट काय?

“हे तर आधीचं आहे,” म्हातारी म्हणाली.

पाण्याचा पेला घेऊन आलेला मुलगा दारातच थांबला. “कशाच्या आधीचं?”

“घराच्या. असंच होतं हे. इथे सगळं झुडूप होतं, इतकं.” तिने छातीपर्यंत हात नेला. मग चष्मा सारखा करून चित्रकर्तीकडे बघितलं, तिची चोरी पकडल्यासारखं. “तुला गं कुणी सांगितलं? तू तर तेव्हा जन्मलीही नसशील.”

“कुणी नाही सांगितलं.”

“मग बरोबर कसं आलं? हा पण नव्हता जन्मलेला. मी आणि याचे वडील, दोघंच आलो होतो बघायला. वरून, त्या वळणावरूनच उतरलो. माझी चप्पल तुटलेली. हे म्हणतात, कसं काय वाटतं? मी म्हटलं, काय वाटायचंय, नुसती झुडपं. तर यांनी काठी घेतली आणि झुडपं बाजूला सारत चालायलाच लागले. हे दार, म्हणाले. मी म्हटलं, अहो, तिथे कुठे दार, वारा सगळा घरात येईल. दार इकडे.” आणि तिने बोट उचललं आणि चित्रावर टेकवलं.

“आई, रंग ओला आहे!”

म्हातारीने ऐकलं नाही. बोट जाड हिरव्यात रुतलं आणि बाजूला सरकलं, त्याखालून खरवडलेल्या कापडाचा फिका तुकडा उघडा पडला. “हे दार. ही बाहेरची खोली. मग स्वयंपाकघर इकडे घ्या, सकाळचा उजेड माझ्या हातावर पडू दे, म्हटलं. तर म्हणाले, सकाळी तू चहा टाकणार की ऊन खात बसणार?” ती हसली, सगळं अंग हललं, खुब्यातून कळ आली तशी तोंड आवळून थांबली, आणि पुन्हा बोट टेकवलं. “इकडे. आणि झाडाला हात लावायचा नाही, ते राहू द्यायचं, असं मी बजावून सांगितलं.”

मुलगा पुढे आला. “अहो, खराब होतंय तुमचं,” तो कळवळून म्हणाला. झुडपांचा पट्टा आता ठिकठिकाणी फाटला होता; उताराची रेषा तिथे अडखळत होती, आणि बोटाचा हिरवा डाग आकाशातही गेला होता. तिचा एक हात चित्र मागे घ्यायला उठला होता. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने तो चित्राच्या खालच्या कडेला नेला आणि चौकट घट्ट धरली, म्हातारीच्या बोटाला रेटा मिळावा म्हणून.

“आणि ही खिडकी?” तिने विचारलं. “ही कुठे घेऊ या?”

“खिडकीचं मागाहून बघू गं,” म्हातारी चित्रावरची नजर न काढता म्हणाली. “आधी छप्पर तरी चढू दे.”